भाट्ये खाडीसाठी पहिला रॉड आणि रील : एका निवडीचा अभ्यास

रत्नागिरीतील एका माध्यमिक शिक्षकांनी गेल्या दिवाळीच्या सुमारास गळाच्या मासेमारीसाठी पहिला रॉड (काठी) आणि रील (दोरी गुंडाळण्याचे साधन) घ्यायचे ठरवले आणि काय घ्यावे याच्या विचारात मला सोबत घेतले. त्यांचे नाव देण्याचे कारण नाही. परिस्थिती मात्र सविस्तर मांडतो, कारण किनाऱ्यावर उभे राहून खाऱ्या पाण्यात गळ टाकू पाहणाऱ्या बहुतेकांची अडचण अशीच असते. खर्चाची मर्यादा बारा हजार रुपयांची होती, ये-जा मोटारसायकलवरून होणार होती आणि शाळेमुळे मासेमारीला वेळ मिळणार होता तो प्रामुख्याने रविवारी सकाळी. अनुभव अगदीच नव्हता असे नाही. लहानपणी आजोळी खाडीच्या बांधावर बसून, हातातल्या तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) गरी, म्हणजे आकडा, बांधून त्यांनी शिंगाळे आणि मुडदुशा ओढल्या होत्या. मासा आमिष चाचपतो तेव्हा बोटांना काय कळते, उधाणाचे (मोठ्या भरती-ओहोटीचे) पाणी आणि भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) पाणी यांत काय फरक असतो, हे त्यांना शिकवावे लागले नाही. नवीन होते ते साधन.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या दिशेने जाते ते स्पष्ट होईल. पहिली खरेदी फसते ती बहुतेक वेळा क्रम उलटा धरल्यामुळे. माणूस आधी रील आवडून घेतो, मग त्या रीलला शोभेल असा रॉड बघतो, मग दुकानात असेल ती दोरी भरतो, आणि हे सारे घेऊन कोठे उभे राहायचे याचा विचार शेवटी करतो. विचार जागेपासून सुरू व्हायला हवा. जागेवरून आमिषाचे वजन ठरते, वजनावरून रॉड, रॉडवरून दोरी, आणि ती दोरी नीट सांभाळील असे रील सर्वांत शेवटी.

जागा आणि पाणी

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला मांडवी आणि राजिवडा, दक्षिणेला भाट्ये, आणि मुखाच्या थोडे आत पावसकडे जाणाऱ्या रस्त्याचा पूल. शिक्षकांचे घर शहरातच असल्यामुळे त्यांच्या आवाक्यात दोन ठिकाणे होती. पहिले पुलाजवळचा खाडीचा काठ आणि दुसरे भाट्ये किनाऱ्याचे मुखाकडचे वाळूचे टोक. पुलावर उभे राहून गळ टाकायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. वाहनांची वर्दळ, मागे झेपावणारा गळ आणि वर खेचून घेताना अधांतरी लोंबणारा मासा यांतले काहीच मला मान्य नाही.

या मुखाशी गाळ आणि वाळू साचते, त्यामुळे पाण्याचा मोठा भाग उथळ असतो आणि खोल धार एका अंगाने वाहते. ओहोटी लागली की आतले सारे पाणी त्या अरुंद धारेतून बाहेर पडू लागते, आणि त्याबरोबर कोळंबी आणि बोयींची पिल्लेही वाहत येतात. त्यांच्यासाठी टपून बसलेला मासा धारेच्या कडेला, खांबाच्या आडोशाला किंवा वाळूच्या दांड्याच्या उतारावर असतो. ही कडा आम्ही उभे राहत होतो तेथून तीस ते पन्नास मीटरच्या आत होती. सगळ्या निवडीचा पाया हाच आहे, म्हणून त्यावर जोर देतो: मासा जवळ होता. शंभर मीटर फेक करणारे साधन येथे माशाच्या पलीकडे आमिष टाकणार होते.

माशांचा विचार करता जिताडा, तांबोशी आणि वाळूच्या टोकाला रावस हे अपेक्षित मासे. जिताड्याचे तोंड आतून कानशीसारखे खरखरीत असते आणि त्याच्या कल्ल्यांवरचे झाकण धारदार असते, त्यामुळे बारीक दोरी त्याच्या तोंडाशी टिकत नाही. तांबोशीचा स्वभाव वेगळा. गळ लागताच ती सरळ दगडाकडे किंवा खांबाकडे धाव घेते, आणि खांबांवर बसलेली कालवे दोरीला पात्यासारखी कापतात. तिला पहिल्या काही मीटरांतच रोखता आले नाही तर पुढे फार काही करता येत नाही. अर्थात रॉडमध्ये रोखण्याची ताकद हवी होती, परंतु वीस-पंचवीस ग्रॅमचे आमिष नेमके कडेवर टाकण्याइतका हलकेपणाही हवा होता.

वजनांचा हिशेब असा मांडला. लहान शिसे लावलेली जिवंत कोळंबी साधारण पंधरा ते वीस ग्रॅम. दहा ते चौदा ग्रॅमच्या जिग हेडवर (शिसे बसवलेल्या गरीवर) चढवलेला रबरी मासा वीसच्या आसपास. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा तरंगता मिनो (लहान माशाच्या आकाराचे आमिष) पंधरा ते पंचवीस. उधाणाच्या ओहोटीत आमिष तळाशी धरायचे झाले तर चाळीस ग्रॅमपर्यंत शिसे. म्हणजे रॉड १५ ते ४० ग्रॅम फेकणारा हवा.

समोर असलेले पर्याय

शिक्षक मला भेटण्यापूर्वीच एका दुकानात जाऊन आले होते. तेथे त्यांना बारा फुटी सर्फ रॉड आणि ८००० आकाराचे, म्हणजे मोठे, रील दाखवण्यात आले होते. दुकानदारांचे म्हणणे होते, "सर, समुद्राचं काम आहे, हलकं घेऊन पस्तावाल." या सल्ल्यात वाईट हेतू नव्हता. मोकळ्या पुळणीवर, लाटांच्या पलीकडे शे-दीडशे ग्रॅमचे शिसे टाकून रॉड वाळूत रोवून ठेवणाऱ्यासाठी ते साधन योग्यच आहे. दुसरा पर्याय इंटरनेटवर दिसलेला दुर्बिणीसारखा आत सरकणारा रॉड, त्याबरोबर रील, दोरी, डबा, सगळे मिळून दीड-दोन हजारांत. तो नाकारण्याचे कारण किंमत नव्हे. अशा रॉडच्या प्रत्येक सांध्यात खारी वाळू जाते, सांधे एकदा धरले की उघडत नाहीत, आणि दोरी ज्यांतून जाते त्या कड्या सांध्यांच्या टोकांवरच बसवाव्या लागत असल्यामुळे त्यांची संख्या कमी राहते व ताण रॉडभर सारखा वाटला जात नाही. तिसरा पर्याय त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलेले बेटकास्टर रील. त्यात फेकीच्या वेळी स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) स्वतः फिरतो आणि अंगठ्याने त्याला आवरावे लागते. समोरून खारा वारा येत असताना नवशिक्याच्या हातात त्याचा गुंता ठरलेला. तो विषय तेथेच मिटला.

बारा फुटी रॉडचा मोह मात्र सहज जाईना. तेव्हा बोलत बसण्यापेक्षा वाळूवर जाऊन पाहावे असे ठरले. एका परिचितांकडून १०० ते २०० ग्रॅम वजनासाठी असलेला बारा फुटी रॉड आणि माझ्याकडचा साडेआठ फुटी रॉड घेऊन आम्ही ओहोटीच्या वेळी भाट्ये किनाऱ्यावर गेलो. दोन्हींवर वीस ग्रॅमचे तेच शिसे बांधले, गळ काढून ठेवला आणि शिक्षकांनीच ओल्या वाळूवर फेक केली. साडेआठ फुटी रॉडने शिसे साठ-पासष्ट पावलांवर पडत होते. बारा फुटीने चाळीस पावले गाठतानाही त्यांची दमछाक होत होती. नंतर बारा फुटीला सव्वाशे ग्रॅमचे शिसे बांधले, तेव्हा तोच रॉड ते कितीतरी दूर घेऊन गेला.

कारण सोपे आहे, पण हाताने अनुभवल्याशिवाय पटत नाही. फेकताना रॉड मागच्या बाजूला वाकतो, वाकताना ताण साठवतो आणि सरळ होताना तो ताण वजनाला देतो. वजन अपुरे असेल तर रॉड वाकतच नाही, मग त्याची लांबी आणि जाडी केवळ हातावर भार होते. उलट, मर्यादेपेक्षा जड वजन जोराने फेकले तर तो तुटू शकतो. रॉडच्या मुठीच्या वर छापलेले वजनाचे आकडे म्हणूनच त्याच्या लांबीपेक्षा आधी वाचावेत. त्या सकाळनंतर बारा फुटी रॉडचा विषय शिक्षकांनी पुन्हा काढला नाही.

रॉड

शेवटी घेतला तो आठ फूट सहा इंचांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी (मध्यम ते जड) ताकदीचा, १५ ते ४० ग्रॅमचा स्पिनिंग रॉड (फेकीत स्पूल न फिरणाऱ्या रीलसाठीचा). सात फुटी रॉड होडीत किंवा धक्क्यावर उत्तम, परंतु काठावरून दोरी दगडांपासून उचलून धरायला दीड फुटाची ती वाढ उपयोगी पडते. दोन तुकड्यांचा घेण्याचे कारण मोटारसायकल. पूर्ण कार्बन घ्यावा की काचतंतू (फायबरग्लास) आणि कार्बन यांचे मिश्रण, यावर आम्ही बराच विचार केला. कार्बन हलका असतो आणि तळावरची हालचाल हाताला लगेच कळवतो, पण दगडावर आपटून त्याला बारीक टवका गेला तर पुढे कधीतरी ताणाखाली तो तेथेच मोडतो. मिश्रणाचा रॉड थोडा जड आणि थोडा सुस्त, पण धक्के सोसणारा. पहिल्या वर्षी रॉड दगडांवर टेकवला जाणार, गाडीला बांधला जाणार हे गृहीत धरून मी मिश्रणाच्या बाजूने मत दिले आणि ते मत आजही तेच आहे.

दुकानात रॉड तपासताना एक गोष्ट आवर्जून केली. कापसाचा लहान बोळा घेऊन तो टोकाच्या कडीपासून मुठीजवळच्या कडीपर्यंत प्रत्येक कडीच्या आतून फिरवला. कडीच्या आतल्या सिरॅमिक वळ्याला डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर कापसाचा तंतू तेथे अडकतो, आणि जेथे कापूस अडकतो तेथे ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरी हळूहळू झिजते. पहिल्या रॉडच्या तिसऱ्या कडीत तंतू अडकला. दुकानदारांनी तक्रार न करता त्याच प्रकारचा दुसरा रॉड काढून दिला. त्याच्या सगळ्या कड्या स्वच्छ निघाल्या. कड्यांची चौकट स्टेनलेस स्टीलची आहे ना आणि रील बसवण्याच्या जागेचे पेच हाताने घट्ट होतात ना, हेही पाहून घेतले.

कार्बन वीजवाहक असतो, आणि मिश्रणातही तो असतोच. काठावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली रॉड उभा धरायचा नाही आणि मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या गडगडाटात रॉड खाली ठेवून आडोसा गाठायचा, हे मी शिक्षकांना दुकानातच सांगितले.

दोरी

तंगुसाची सवय असलेल्या माणसाला ब्रेडेड दोरी परकी वाटते. नायलॉनचे तंगूस ताणले जाते, माशाचा हिसका सोसते, स्वस्त असते आणि दगडावर घासले तरी थोडा वेळ तग धरते. तरीही येथे ब्रेडेड दोरी निवडली, आणि त्याचे मुख्य कारण ओहोटीचे पाणी. पीई हा ब्रेडेड दोरीच्या जाडीचा क्रमांक; पीई १.५ क्रमांकाची दोरी साधारण ०.२ मिलीमीटर जाडीची असते आणि तिची ताकद वीस पौंडांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. तेवढ्याच ताकदीचे तंगूस जवळपास दुप्पट जाडीचे. जाड दोरीला धार जास्त रेटते, मग आमिष तळाशी ठेवण्यासाठी जास्त शिसे लावावे लागते आणि वजनाचा सगळा हिशेब कोलमडतो. बारीक दोरी फेकीतही कड्यांमधून सुळकन निघते. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे दूरवरचा टोचा हातापर्यंत येतो. पण त्याच कारणाने हिसकाही तसाच येतो, आणि तो सोसण्याची जबाबदारी रॉडवर आणि रीलच्या ड्रॅगवर, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणाऱ्या ब्रेकवर, पडते.

ब्रेडेड दोरीचा कमकुवतपणा म्हणजे घर्षण. कालवांवर ती क्षणात तुटते. म्हणून पुढे दीड मीटर, चाळीस पौंडांचा फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाजवळचा जाड, घर्षण सोसणारा तुकडा). दोरी आणि लीडर जोडण्यासाठी एफजी गाठ सर्वांत बारीक आणि कड्यांमधून अडथळ्याविना जाणारी, परंतु ती वाऱ्यात, ओल्या हातांनी बांधणे सरावाचे काम आहे. शिक्षकांनी आधी डबल युनी गाठ पक्की केली, ब्रेडेड बाजूला जास्त वेढे घेऊन, कारण ती दोरी निसटती असते. एफजी त्यांनी घरी बसून शिकली.

रील

आकारांचे आकडे फसवे आहेत. शिमानो, दाइवा आणि पेन यांच्या ४००० क्रमांकाच्या रीलांचे वजन आणि दोरीची क्षमता सारखी नसते, इतकेच नव्हे तर एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. म्हणून आकड्यापेक्षा स्पूलवर छापलेली क्षमता वाचावी. आम्हाला पीई १.५ ची अडीचशे ते तीनशे मीटर दोरी मावणारे, तीनशे ग्रॅमच्या आसपासचे रील हवे होते. ते ४००० क्रमांकात मिळाले. ८००० क्रमांकाचे रील या रॉडवर बसवले असते तर मुठीचा तोल मागे गेला असता आणि तासाभराच्या फेकीनंतर मनगट बोलू लागले असते.

बेअरिंगांची संख्या जाहिरातीत ठळक असते. खाऱ्या पाण्यात निकृष्ट दर्जाची दहा बेअरिंगे म्हणजे गंजण्याच्या दहा जागा. चार-पाच चांगली, संरक्षित बेअरिंगे मला पुरेशी वाटतात. त्याऐवजी तीन गोष्टी पाहिल्या. हँडल उलटे फिरवल्यावर त्यात खेळ जाणवतो का. बेल (स्पूलवरची तारेची कमान) बंद केल्यावर दोरी ज्या रोलरवरून जाते तो रोलर बोटाने ढकलल्यावर खरोखर फिरतो का, कारण न फिरणारा रोलर दोरी कापतो. आणि ड्रॅग घट्ट करून दोरी हाताने ओढल्यावर ती एका लयीत सुटते की आधी अडून मग झटक्याने. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डब्यावर लिहिलेली दहा किंवा बारा किलोची कमाल ड्रॅग वीस पौंडी दोरीवर कधीच वापरली जाणार नाही. ड्रॅग गुळगुळीत असणे मात्र प्रत्येक माशाला लागणार आहे. कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग म्हणून पसंत केला. पूर्ण बंदिस्त, पाणी आत न शिरणारे रील परवडले असते तर जरूर घेतले असते; या रकमेत ते बसत नव्हते.

हिशेब असा झाला: रॉड ३,८०० रुपये, रील ५,२००, ब्रेडेड दोरी १,३००, आणि लीडर, गऱ्या, शिसे व मोजकी कृत्रिम आमिषे मिळून १,३००. एकूण ११,६००.

दोरी १५० मीटरचीच घेतली होती, त्यामुळे स्पूलच्या तळाशी तंगूस भरणे भाग होते. ते हवेच, कारण ब्रेडेड दोरी थेट स्पूलवर बांधली तर संपूर्ण गुंडाळी ताणाखाली घसरून फिरू शकते. तंगूस किती भरावे याचा अंदाज चुकू नये म्हणून रीलबरोबर आलेल्या जादा स्पूलवर आधी ब्रेडेड दोरी आणि तिच्यावर तंगूस, काठापासून दीड मिलीमीटर खालपर्यंत गुंडाळले. मग सगळे उलटे करून मुख्य स्पूलवर घेतले. तंगूस आपोआप तळाशी गेले आणि दोरी काठाच्या नेमकी तेवढीच खाली आली. गुंडाळताना ती ओल्या फडक्यात चिमटीत धरली होती. सैल गुंडाळलेली ब्रेडेड दोरी पुढच्या फेकीत गाठी घेऊन बाहेर येते.

ड्रॅग लावण्यासाठी ताणकाटा वापरला. दोरी सगळ्या कड्यांमधून घेऊन काट्याच्या आकड्याला बांधली, रॉड तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांत धरला, आणि मी काटा हळूहळू मागे नेत असताना शिक्षकांनी ड्रॅगची चकती थोडी थोडी आवळली. वीस पौंड म्हणजे सुमारे नऊ किलो. त्याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे सव्वादोन किलोच्या खुणेवर दोरी सुटू लागली तेथे चकती थांबवली. पुलाजवळ तांबोशीसाठी ती तीन किलोपर्यंत न्यायची, वाळूच्या टोकाला पुन्हा खाली आणायची. केवळ हाताने अंदाज घेणारे नवशिके ड्रॅग एक तर फार घट्ट ठेवतात किंवा फार सैल. काट्यावर एकदा पाहिलेले सव्वादोन किलो हाताच्या लक्षात राहते.

पुढचा हंगाम

नोव्हेंबर ते मे या काळात या साधनाने काय केले ते थोडक्यात सांगतो. वाळूच्या टोकाला पहाटेच्या ओहोटीत लहान रावस मिळाले. जिवंत कोळंबीवर काही जिताडे आले, त्यांतले बहुतेक लहान. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून मोठा जिताडा मिळालाच तर तो अंडी देणारी मादी असण्याची शक्यता जास्त. असा मासा पाण्यात परत सोडावा असे आमचे ठरले आहे. पुलाजवळ एका मोठ्या तांबोशीने मात्र खांब गाठला आणि लीडर कालवांवर तुटला. तुटलेले टोक पाहिले तेव्हा गाठ आणि दोरी दोन्ही शाबूत होत्या, चिरला होता तो केवळ लीडर. त्यानंतर पुलाजवळ पन्नास पौंडांचा लीडर वापरायला सुरुवात केली. यापेक्षा जाड लीडर नेला तर पीई १.५ शी त्याची गाठ जाडजूड होते आणि कड्यांमध्ये अडते.

रील टिकले ते धुण्याच्या पद्धतीमुळे. घरी आल्यावर ड्रॅगची चकती आवळायची, गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडायची, फडक्याने टिपायचे आणि सावलीत वाळवायचे. नळाचा जोरदार फवारा नको, कारण तो मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवणे तर मुळीच नको. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. रोलरवर तेलाचा एक थेंब. एवढे करूनही एप्रिलमध्ये रोलर अडखळू लागला, तेव्हा त्यातले लहान बेअरिंग बदलले; या किमतीच्या रीलात तेवढे अपेक्षितच होते. पावसाळ्यात दोरी काढून उलटी भरली, म्हणजे न वापरलेले आतले टोक पुढे आले.

आता शिक्षकांना रत्नदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर जायचे आहे. हा रॉड तेथे अपुरा पडेल असे माझे मत आहे. तेथे लाट पायाशी फुटते, मासा खालच्या कपारीत शिरतो, आणि लाटेच्या पलीकडे साठ-ऐंशी ग्रॅमचे धातूचे जिग (माशाच्या आकाराचे जड आमिष) टाकावे लागते. त्यासाठी साडेनऊ ते दहा फुटांचा, जास्त ताकदीचा वेगळा रॉड, पीई ३ ची दोरी आणि ६००० च्या घरातले रील लागेल. ही खरेदी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबवावी, तोवर घट्ट पकड असलेले बूट आणि फुगवता येणारे जीवरक्षक जाकीट आधी घ्यावे, आणि खडकावर एकट्याने जाऊ नये, असे मी त्यांना सांगितले आहे. बूट त्यांनी घेतले आहेत. जाकिटाची चौकशी चालू आहे.